लोखंडाचा भोपळा

नावेत पाय ठेवला की 'बुडणं' हा शब्द तोंडातून काढायचा नाही, असा कोंडीबा कोळ्याच्या घरचा दंडक होता. सूर्य मावळायचा, भाकरी कालवणात भिजायची, आणि पाण्यात टाकलेला दगड नुसता 'खाली जायचा'. एखाद्या नवख्या उतारूच्या तोंडून तो शब्द गेलाच, तर कोंडीबाची बायको केराबाई त्याला तिथल्या तिथं तलावाच्या पाण्याने चूळ भरायला लावायची. मग तो पाटील असो नाहीतर पाटलाचा व्याही. हिप्परग्याच्या तलावावर तिचं राज्य होतं.

नाव मात्र राज्य करण्याजोगी उरली नव्हती. ती मूळची मुंबईची. बंदरातल्या आगबोटींना गोडं पाणी पोचवायचं तिचं काम, म्हणून तिच्या पोटात बाजेएवढी लांबरुंद आणि कमरेइतकी उंच लोखंडी टाकी बसवलेली. तलावाच्या बांधाच्या डागडुजीसाठी सरकारने ती सोलापुरापर्यंत रेल्वेने आणि पुढे बैलगाड्यांवरून आणली. काम सरल्यावर लिलावात कोंडीबाच्या बापाने घेतली. तेव्हापासून टाकीचं झाकण आवळलेलं ते आवळलेलंच. बापाने जन्मभर त्या टाकीला शिव्या घातल्या, आणि बाप गेल्यावर ते काम कोंडीबाकडे आलं. ही धोंड नसती तर आणखी दहा मेंढरं बसली असती, असं तो भेटेल त्याला सांगायचा.

सन एकतीसच्या वैशाखात टाकीखालची फळी कुजली. अलीकडून पलीकडं जाईतो केराबाई डबा घेऊन पाणी उपसत बसायची, तिचे हात कोपरापर्यंत सुजायचे. फळी बदलायची तर आधी टाकी निघायला हवी, आणि ती पावसाच्या आत. एकदा तलाव भरला, वारा सुटला, की असल्या तळाची नाव पाण्यात घालणं म्हणजे... कोंडीबा ते वाक्य पुरं करत नसे. त्याच्या घरी नाव सोडून पोटाला दुसरं काहीच नव्हतं.

म्हणून त्याने गुंडा मिस्त्रीला गाठलं. गुंडा सोलापूरच्या गिरणीत बॉयलरवर होता, आणि लोखंडाचं काम म्हणजे गुंडा, असं त्याच्या आळीत बोललं जाई. निदान तो तरी तसं बोलत असे. ठरलं असं की टाकी काढायची, मोडीत घालायला घेऊन जायची, तीच त्याची मजुरी. गिरणीला दोन दिवस सुट्टी होती. पहिल्या दिवशी सकाळीच तो साखळ्या, कप्पी, छिन्नी-हातोडा, पाण्याचा हातपंप आणि एक लांबलचक करवत असा संसार गाडीत घालून हजर झाला.

"कोंडीबा, म्या गिरणीत बायलर हलवलाय. ही तर डबी हाय," तो म्हणाला.

डबीने दिवसभर त्याचा घाम काढला. नाव काठाजवळच्या पाण्यात उभी होती. वरच्या फळ्या आणि आडवे वासे उचकटून झाले, टाकीला धरणाऱ्या लोखंडी पट्ट्या छिन्नीने तुटल्या, पण टाकी जागची हलेना. डांबराने आणि गंजाने ती तळाला मिठी मारून बसली होती, आणि बाजूला बोट शिरायला जागा नव्हती. गुंडाने तीन वासे उभे करून वर कप्पी टांगली. आळीतल्या दहा जणांनी साखळी ताणली तशी टाकी वर येण्याऐवजी वासेच गाळात रुतत गेले. बैलं लावून नाव काठावर ओढावी, तर तिची जुनी हाडं मोडायची. दिवस मावळायच्या सुमाराला गुंडाने हातोडा खाली ठेवला.

"एकच विलाज हाय. नाव मधोमध कापायची. टाकी काढून पुन्ना पत्रं मारून जोडून देतो."

"कापलेलं लाकूड पुन्ना पानी धरत न्हाय, मिस्तरी," कोंडीबा म्हणाला.

"मग तू सांग दुसरं."

कोंडीबा उठला. तो घरी गेला, जेवला नाही. केराबाईने ताट तसंच झाकून ठेवलं आणि तीही जेवली नाही. त्या दिवशी पाणी उपसायचं कुणाच्या ध्यानातच राहिलं नाही.

सकाळी तलावावर सगळ्यात आधी पोचला मायाप्पा धनगर. त्याला मेंढरं पलीकडं न्यायची होती. कोंडीबा, केराबाई आणि गुंडा येऊन बघतात तर मायाप्पा काठावर उभा राहून नावेवर भंडाऱ्याच्या मुठी उधळतोय, अन् तोंडाने बिरोबाचा धावा चाललाय.

"जवळ जाऊ नगा," तो म्हणाला. "लोखंड उठून बसलंय."

खरोखरच टाकी उठली होती. रात्रभर कुजक्या फळीतून पाणी आत आलं होतं, नाव गुडघाभर भरली होती, आणि टाकीचा एक कोपरा चांगला चार बोटं वर आला होता. दहा माणसांना आणि कप्पीला जे जमलं नाही, ते कुणीही हात न लावता झालं होतं. गुंडा मिस्त्रीने पुढे होऊन त्या चार बोटांच्या फटीत हात घालून बघितला आणि पटकन मागे घेतला.

कोंडीबाला भोपळा आठवला. लहानपणी बापाने त्याच्या पाठीला सुका भोपळा बांधून याच पाण्यात त्याला ढकललं होतं. खाली दाबावा तेवढा तो भोपळा उसळून वर यायचा आणि कोंडीबाला मानगूट धरून वर आणायचा. आळीतलं प्रत्येक पोर असंच पोहायला शिकलं होतं. आणि आज टाकीत आहे तरी काय? आत नुसती हवा. उगाच का तळ कुजूनही नाव पाण्यावर राहिली होती! तो ज्याला धोंड म्हणत होता तो भोपळा होता. हे दहा वर्षांच्या पोरालाही सुचलं असतं, पण जो शब्द घरात कुणी तोंडात घ्यायचा नाही, तो विचार डोक्यात तरी कसा यावा?

"केरा," तो बायकोला म्हणाला, "नाव बुडवायची."

केराबाई पांढरीफटक पडली. तिने नवऱ्याला चूळ भरायला सांगितलं नाही.

"अवं, तुमाला याड लागलंय का?"

"कापली तर ती कायमची जाती. बुडवली तर... वर काडू. पानी आपलं हाय की."

दिवस कासराभर वर येईपर्यंत त्यांनी नाव पुरुषभर पाण्यात नेली आणि बांधाचे दगड वाहून तिच्यात भरले. पहिला दगड कोंडीबाने ठेवला. टाकायचं धाडस झालं नाही, अलगद ठेवला. नाव काठोकाठ आली, तिच्या कडेवरून पाण्याची एक पातळ जीभ आत सरकली, आणि मग ती गेली. कोंडीबाने डोळे मिटून घेतले.

त्याला आधी आवाज ऐकू आला. पाण्याखालून एक लांबलचक करकर, जुन्या वाड्याचा दरवाजा उघडावा तशी. नंतर काहीच नाही. आणि एकाएकी पाणी फुगलं, फुटलं, आणि ती वीस मणांची टाकी पाण्यातून उसळून वर आली. लाटेने मायाप्पाचं धोतर भिजलं, मेंढरं उधळली. टाकी दोनदा डोलली, स्थिर झाली, आणि वाऱ्यावर हळूहळू स्वतःभोवती फिरू लागली. आपल्याला काही झालंच नाही, अशा थाटात. थोड्या वेळाने एक बगळा येऊन तिच्यावर बसला.

गुंडा मिस्त्रीने डोक्याचा रुमाल काढून हातात घेतला. लोखंडाशी एवढी वर्षं झटापट केलेला माणूस, पण लोखंड असं हलकं झालेलं त्याने कधी पाहिलं नव्हतं.

नाव मात्र वर येईना. कोंडीबाने आणि आळीतल्या चौघांनी बुड्या मारमारून एकूणएक दगड बाहेर काढला. रिकामी झाली तरी ती तळच्या गाळात चिकटून बसली होती. दुपार झाली. कोंडीबा शेवटची बुडी मारून वर आला तेव्हा त्याचे ओठ निळे पडले होते. काठावर बसून तो म्हणाला, "बापाची नाव म्या माज्या हातानं बुडवली." एवढं बोलून त्याने गुडघ्यात तोंड घातलं आणि चारचौघांत रडला. केराबाई शेजारी बसली. तिने पदराने त्याचं ओलं डोकं पुसलं.

गुंडा मघापासून टाकीकडेच बघत होता.

"कोंडीबा, रातच्याला तिनं चार बोटं सोताला उचललं. नावंला न्हाई का उचलनार?"

त्याने टाकी दोराने ओढून बरोबर नावेच्या वर आणली आणि झाकणाचे बोल्ट सैल केले. आतली हवा सुस्कारा टाकून बाहेर आली. जुनी, शेंदरासारख्या वासाची हवा. कोंडीबाच्या बापाने नाव घेतली त्याही आधीपासून आत कोंडलेली. केराबाईने नकळत हात जोडले. मग हातपंपाने आणि बादल्यांनी टाकीत पाणी भरत गेले, तिची पाठ पाण्याबाहेर वीतभर उरेपर्यंत. कोंडीबाने पुन्हा बुडी मारली, साखळ्या नावेखालून ओवल्या, आणि गुंडाने त्या टाकीवरून ताणून पक्क्या केल्या.

आता आत भरलेलं पाणी उपसायचं. पंपाने थोडं निघालं आणि पंप गाळाने बसला. तेव्हा केराबाईने पदर खोचला, आपला नेहमीचा डबा घेतला आणि झाकणाच्या तोंडातून टाकीत उतरली.

"हे काम माजंच हाय की," ती म्हणाली.

आतून डब्याचा आवाज येत राहिला, एकसारखा. बाहेर साखळ्या ताणल्या, कुरकुरल्या. कोंडीबाने साखळीवर हात ठेवला होता. एका क्षणी ती त्याच्या तळव्याखाली थरथरली, खोल पाण्यात गाळाने 'पच्च' केलं, आणि तलावाचं पाणी तांबडं झालं. मग त्या तांबड्या पाण्यातून नावेची काळी कड वर आली, आधी एक टोक, मग दुसरं. जी टाकी नावेने जन्मभर पोटात वागवली, तीच आता नावेला कडेवर घेऊन वर आली होती. मायाप्पाकडे भंडारा उरला नव्हता, म्हणून त्याने दोन्ही हातांनी रिकामाच उधळला.

दोन्ही हळूहळू उथळात आणली, नाव उपसली, आडवी केली. टाकीखालची ती फळी अखेर दिसली. कोंडीबाने बोट लावलं तर बोट आरपार गेलं. भिजलेल्या भाकरीचा तुकडा पडावा तशी ती हातात आली. या फळीवर त्याने गेल्या आठवड्यात माणसं नेली होती, शेरडं नेली होती, केराला नेलं होतं. बराच वेळ तो त्या भोकातून पलीकडची वाळू बघत राहिला.

मग उठला आणि गुंडापुढे हात जोडून उभा राहिला. "मिस्तरी, टाकी तुमची मजुरी हाय, ठरलंय तसं. तोंड न्हाय मला मागायला. पन..."

"आता हिला कोन मोडीत घालंल?" गुंडा म्हणाला. त्याने करवत न वापरताच पुन्हा पोत्यात गुंडाळली. "फळी बशीव. मग सांगावा धाड. पर ती परत आत घालायची कशी, ते ठाव हाय का?"

कोंडीबा उत्तर द्यायच्या आत केराबाई बोलली. ती अजून टाकीच्या तोंडातच उभी होती, खांद्यापर्यंत गंजाने माखलेली, हातात डबा.

"कशी म्हंजी? हिच्याखाली पुन्ना नाव बुडवू की," ती म्हणाली.