हजेरीपटावर नसलेली माणसं

वीबके बाळाला पाजत बसली होती. दार न वाजवताच तिच्या वडिलांनी आत डोकावलं आणि सांगितलं, "तासाभरात आवर. आपण जहाज बुडवतोय."

शेगडीवरचं दूध उतू जातंय, असं सांगावं तसं.

आंकेचं चोखणं थांबलं नाही. सहा महिन्यांचं लेकरू ते, त्याला काय कळणार? वीबकेनं मात्र त्याला घट्ट धरलं.

किएलचं घर बॉम्बखाली गेलं, बाळाचा बाप पाणबुडीवर गेला तो परतलाच नाही. तेव्हापासून ती वडिलांजवळ, फ्लेन्सबुर्गच्या खाडीत नांगरलेल्या ‘होल्निस’ या जुन्या शिकाऊ जहाजावर राहत होती. पंचेचाळीसचा मे उजाडला होता, युद्ध हरल्यात जमा होतं. आज-उद्या इंग्रज येऊन जहाजांचा ताबा घेणार. अशात पहाटे बिनतारी यंत्रावर एकच शब्द आला होता : ‘इंद्रधनुष्य’. म्हणजे शत्रूच्या हाती पडण्याआधी आपली जहाजं आपणच बुडवा. पाठोपाठ तो हुकूम मागे घेतल्याची कुजबुजही आली.

"कुजबुजीवर आरमार चालत नाही," तिचे वडील, कप्तान ब्रोडर टाडसेन, म्हणाले होते.

सतराव्या वर्षी ते कैसरच्या आरमारात शिरले. पंचविसाव्या वर्षी मोठ्या लढाईत उजव्या हाताची दोन बोटं गमावली. ते पहिलं युद्ध हरल्यावर स्कॉटलंडजवळच्या स्कापा खाडीत अडकवून ठेवलेल्या आपल्या बोटीच्या तळाची झडपं त्यांनी स्वतः उघडवून ती बुडवली, आणि ते इंग्रजांचे कैदी झाले. पुढे उरल्यासुरल्या आरमारात सुरुंग काढले, नवा झेंडा आला तशी त्यालाही सलामी ठोकली. या युद्धात वय झालं म्हणून त्यांच्याकडे मिसरूड न फुटलेली पोरं आणि हे जहाज दिलं होतं. पण घरात सण एकच, ती बोट बुडवली त्या एकवीस जूनचा. माशांचं सूप वाढलं की बाबा उठून उभे राहत आणि सांगत : बोट बुडताना मी होडीत हजेरीपट वाचला, सव्वीसच्या सव्वीस ‘हजर’ म्हणाले. हजेरी पुरी भरली. हे वाक्य वीबके प्रार्थनेच्या आधी शिकली होती.

"आणि खालची माणसं?" तिनं विचारलं.

तळाच्या कोठारात पूर्व प्रशियाहून पळून आलेली एकशेचाळीस माणसं दहा दिवसांपासून दाटीवाटीनं पडली होती.

"त्यांची जबाबदारी गावाची. काल पत्र धाडलंय मी."

"गावानं जागा नाही म्हणून कळवलंय, बाबा. चिठ्ठी तुमच्याच टेबलावर आहे."

"माझी माणसं तेवीस. होड्या दोन. मी हजेरी घेणार आणि झडपं उघडायची शिट्टी देणार."

दारात म्हातारा माटेस पट घेऊन उभा होता. स्कापापासून कप्तानाच्या सावलीसारखा राहिलेला खलाशांचा मुकादम. तो खाकरला. "तेव्हाही भरली होती हजेरी, कप्तानसाहेब."

"माटेस."

"गप्प बसतो. सव्वीस वर्षं बसलोय, हाडात मुरलंय आता."

"कशाबद्दल गप्प?" वीबकेनं विचारलं.

माटेस कप्तानाकडे न बघता बोलू लागला. "त्या बोटीवर कोळशाचा एक भट्टीवाला होता, पोरी. इंग्रज मासेवाल्याला पट्टा देऊन साबण घेतला म्हणून तळाच्या कोठडीत टाकलेला. कोठडीत गेला की पटावरून नाव कमी, तसा रिवाज. होडीत पट वाचला, सगळे हजर. आणि मग बुडत्या बोटीच्या आतून पत्र्यावर ठोके ऐकू यायला लागले. बराच वेळ. त्या पोराचं नाव काय बरं..." तो कपाळ चोळू लागला.

"पागेल," बाबा म्हणाले. "एमिल पागेल."

त्यांना आठवावंसुद्धा लागलं नाही.

वीबके त्यांच्याकडे बघत राहिली. म्हणजे दर एकवीस जूनला, सुपाचा पहिला घोट घेताना, यांच्या कानात ते ठोके होते. आणि तरी आम्हा पोरांकडून वदवून घेत होते, पुरी भरली म्हणून.

"तुमच्या पटावर मी तरी आहे का, बाबा?"

त्यांनी माटेसच्या हातून पट काढून घेतला.

"आणि आंके?"

तिनं बाळाला शालीत गुंडाळलं आणि शिडी उतरून ती खाली गेली. ओल्या लोकरीचा आणि उकडलेल्या सलगमांचा वास. शिडीजवळची म्हातारी सरकून बसली.

"काय गं, वर गारठलीस?"

"हो, आजी."

"मग टेक इथं. ऊब फुकट आहे, बाकी काही नाही."

वीबकेला हसावंसं वाटलं आणि जमलं नाही. दोन भिंतींपलीकडे एक खलाशी झडपाच्या चाकावर हात ठेवून शिट्टीची वाट बघतोय, हे या बाईला कसं सांगायचं? तिनं बाळाची टाळू हुंगली. दुधाचा वास होता. तो वास धरूनच ती बसून राहिली.

शिट्टी झाली नाही. बऱ्याच वेळानं शिडीवर बूट वाजले. बाबा, सणाचा कोट घातलेले, कमरेला खंजीर, हातात पट. ते लेकीकडे बघून जागीच थबकले. मग एक उपडी बादली ओढून बसले.

"नाव?" त्यांनी म्हातारीला विचारलं.

"का? काय केलं मी?"

"सांगा, आजी. पटावरचा माणूस किनाऱ्याला लागल्याशिवाय झडप उघडता येत नाही. नियम आहे तसा."

"शामाइटाट." ती वाकून बघू लागली. "अहो कप्तान, आधी एस, मग झेड. सगळे तिथंच चुकतात."

त्यांनी खोडून पुन्हा लिहिलं.

"कप्तानसाहेब," वरून माटेसनं विचारलं, "शिट्टीचं काय?"

"हजेरी चालू आहे."

दुपारी इंग्रजांची बोट बाजूला लागली तेव्हा शंभरावर नावं झाली होती. वर परक्या भाषेत हाका सुरू झाल्या. बाबांनी मान वर केली नाही. ते वीबकेसमोर आले.

"नाव?"

"वीबके हानसेन. आणि ही आंके."

ती दोन्ही नावं त्यांनी सावकाश लिहिली. पेन्सिल धरलेला तो तीन बोटांचा हात तिच्या अगदी जवळ होता. त्याच हाताला धरून ती चालायला शिकली होती. आता तो हात कुणाचा आहे, हे काही तिला ओळखू येईना.