गावदेवीचा थांबा

तीस वर्षं सहा आसनी रिक्षा चालवून काशीराम जितका दमला नव्हता, तितका या चार महिन्यांत नुसता बसून दमला. नवीन पनवेल स्टेशन ते सुकापूर अशी बिनचालकाची बस चाचणीला लावली होती. लोकांना धीर यावा म्हणून चालकाच्या जागी त्याला बसवलं होतं. काम काय, तर हात मांडीवर ठेवून समोर बघायचं. स्टिअरिंग आपलं आपण फिरायचं. गुडघे गेलेल्या माणसाला दुसरी नोकरी कोण देणार? म्हणून चाचणी पार पडावी आणि ही नोकरी पक्की व्हावी, असा नवस तो गावदेवीला बोलला होता.

आणि चाचणी अडली ती नेमकी देवीपाशीच. कंपनीची इंजिनिअर आभा लॅपटॉप घेऊन आली.

"काका, देवळाच्या वळणावर तुम्ही रोज सहा वेळा ताबा घेता. गाडी तिथं चुकते का? असा ताबा घेतला तर चाचणी पास होणार नाही."

"मी? नाय मॅडम. गाडी बरोबर जाते."

तिने व्हिडिओ दाखवला. देऊळ आलं की काशीरामचा हात स्टिअरिंगला लागायचा आणि मग कपाळाला. जुनी सवय, त्याच्या गावीही नव्हती. यंत्राला नमस्कार कुठला कळायला? चालकाचा गाडीवर भरवसा नाही, एवढंच त्याने टिपून ठेवलं.

दुसऱ्या दिवशी काशीरामने हात मांडीखाली दाबून ठेवले. मागे सोनाबाई बसली होती. सगळ्यांच्या आधी ही म्हातारी बसमध्ये चढली, म्हणून तर मागून गाव चढलं होतं.

"काशीराम, आज देवीला नमस्कार नाय? मंजे गाडीत कायतरी खोट हाय."

ती पुढच्या थांब्यावर उतरली, तिच्यामागे अख्खी बस. आठवडाभर कुणी ताबा घेतला नाही, आणि कुणी चढलंही नाही.

"आता काय करू, काका?" आभा रडवेली झाली होती.

"देवळापाशी थांबा द्या. उभ्या गाडीत हात लावला तर चालंल ना?"

थांबा दिला. बस देवळासमोर आपणहून उभी राहू लागली, काशीराम मनसोक्त नमस्कार करू लागला. माणसं परतली. महिन्याभरात चाचणी पास झाली.

त्या दिवशी सोनाबाई उतरताना बसच्याच पाया पडली. "देवी आली की आपली आपण थांबते. शहाणी हाय. हिला आता मानूस कशाला रं?"

आभा हसली. मग काशीरामकडे लक्ष जाताच तिने मान खाली घातली.

काशीरामने हात मांडीवर ठेवले. देवी नवसाला पावली होती, तक्रार कुणाकडे करणार? दार मिटलं आणि बस निघाली.