मकावला मी कशाला?

आग्रह म्हणजे काय, हे सांगलीत वाढलेल्या माणसाला वेगळं शिकवावं लागत नाही. पंगतीतला पहिला ‘नको’ म्हणजे नुसतं खाकरणं. दुसरा रीतीचा. तिसरा आला तरी वाढप्याने ऐकायचं नसतं. ताटावर आडवा धरलेला हात चुकवून जिलबी पडतेच. संजीवनीबाईंचा सगळा जन्म ह्या रीतीत गेला आणि एकदाही त्या उपाशी उठल्या नाहीत. सिंगापूरला मात्र त्यांची पंचाईत झाली.

झालं असं. रविवारी दुपारी बुकित तिमाहच्या घरात जेवणं चालली होती. बँकेत असलेल्या त्यांच्या मुलाने, मुकुलने, विषय काढला. “डिसेंबरच्या सुट्टीत मकावला जाऊ या. इथला मरिना बेवरचा कॅसिनो बांधून व्हायला अजून अवकाश आहे, तर तिथलाच बघू. हॉटेलच्या आतच कालवा काढलाय म्हणे, होड्या चालतात. आई, येशील ना?”

“छे रे, मी कशाला? ही चाकाची खुर्ची घेऊन कुठे फिरवता मला! तुम्ही जाऊन या.”

एवढं बोलून बाई थांबल्या. आता मुकुलने म्हणायचं, असं कसं, तुला सोडून आम्ही जाऊ का? मग त्यांनी दुसऱ्यांदा नको म्हणायचं. त्यासाठी तोंडही कसनुसं करून ठेवलं होतं.

“बरं,” मुकुल म्हणाला आणि कोशिंबीर वाढून घेतली.

बाईंनी सुनेकडे पाहिलं. अनुया नोव्हेनाच्या हॉस्पिटलात फिजिओथेरपिस्ट. पेशंट नाही म्हणाला की विषय संपला, हे तिच्या अंगवळणी पडलेलं. तीही आपल्या ताटाकडे वळली. राहिली अकरा वर्षांची नात, जाई. तिने तर निकालच लावला. “आजी सेड नो. सो नो लाह,” असं तिथल्या पोरांसारखा शेवटी ‘लाह’ जोडून म्हणत तिने शेवटची पुरी उचलली.

खरं सांगायचं तर बाईंना जायचं होतं. फार जायचं होतं. रमीत त्यांनी एके काळी आख्खी आळी धुऊन काढलेली. खरा जुगाराचा अड्डा एकदा डोळ्यांनी बघावा ही हौस जुनीच. आणि मांडीचं हाड मोडल्यापासून घर, दवाखाना आणि कॉन्डोची, म्हणजे सोसायटीची, बाग ह्यापलीकडे त्यांनी सिंगापूरसुद्धा बघितलं नव्हतं. घरात वॉकर धरून चार पावलं होत, त्यापुढे खुर्ची. माणसाला किती दिवस तीच तीच झाडं बघवतील?

पण आपल्या तोंडाने कसं म्हणायचं? म्हणून त्यांनी आडून सुरुवात केली.

“अनुया, त्या हॉटेलात न्हाणीघरात धरायला दांडा असतो का गं?”

“असेल की, आई. का हो?”

“काही नाही, आपलं सहज.”

दुसऱ्या दिवशी विमानात खुर्ची नेऊ देतात का, हे विचारून झालं. तिसऱ्या दिवशी आपला जाड स्वेटर कुठे ठेवलाय, हेही. लेकी बोले सुने लागे म्हणतात. इथे थेट सुनेलाच बोलावं, तरी तिला लागेना. उलट मुकुलने समोरच्या इमारतीतल्या नीताला त्या दिवसांत सोबतीला यायला सांगून टाकलं. नीता चांगलीच होती बिचारी, पण बाईंना तिचं तोंड बघवेना.

तिकिटं काढायचा दिवस आला. संध्याकाळी मुकुल जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप उघडून बसला. शेजारी तिघांचे पासपोर्ट. बाई वॉकर आपटत आपल्या खोलीत गेल्या.

जाई चहा घेऊन आली. “नको मला चहा,” बाई भिंतीकडे बघत म्हणाल्या.

“ओके, आजी,” म्हणत जाई चहा परत घेऊन गेली!

हे मात्र फार झालं. बाईंचा बांध फुटला. “अरे, कुणीतरी मला परत एकदा विचारा रे!”

मुकुल धावत आला. “काय विचारू, आई? काय झालं?”

“मकावचं!”

“विचारलं होतं की. तू नको म्हणालीस.”

“एकदा विचारलंस! एकदा विचारण्याला काय विचारणं म्हणतात? हे शिकवलं का मी तुला?”

मुकुल पलंगाच्या कडेला बसला.

“बाबा गेल्यावर तुला इथे ये म्हटलं,” तो म्हणाला, “तेव्हा तू तीनदा नको म्हणाली होतीस. मी ऐकलं नाही, ओढून आणलं तुला. आणि महिनाभरात माझ्या बाथरूममध्ये पडलीस. तुझं ऑपरेशन चाललं होतं तेव्हा बाहेर बसून ठरवलं, ह्यापुढे आईचा नको म्हणजे नको. पुन्हा जबरदस्ती करायची नाही.”

बाईंचं रडणं तिथेच थांबलं. मुलगा परदेशात राहून रीतभात विसरला म्हणून आठवडाभर त्या मनातल्या मनात त्याला बोल लावत होत्या. आणि हा पोरगा त्यांची मोडकी मांडी स्वतःच्या डोक्यावर घेऊन वर्षभर हिंडत होता. त्यांना स्वतःचीच फार लाज वाटली.

“वेड्या,” त्या म्हणाल्या, “ते तिन्ही नको रीतीचे होते. पहिल्या फोनलाच मी मनातून बॅग भरली होती. मला यायचंच होतं तुझ्याकडे.”

मुकुलने चष्मा काढला आणि शर्टाच्या टोकाने पुसत राहिला.

“आणि मकावलाही यायचंय,” बाई म्हणाल्या. बोलून झाल्यावर त्यांच्या कानाच्या पाळ्या गरम झाल्या. सत्तरी उलटलेल्या बाईने असं आपणहून मागायचं म्हणजे!

दारात जाई उभी होती. “आजी, देन जस्ट से लाह!”

मग सगळी जेवणाच्या टेबलाशी जमली. अनुयाने हॉटेलला फोन लावला आणि सगळ्यांना ऐकू येईल असा ठेवला. दाराची रुंदी, दांडा, उंबरा नसलेलं न्हाणीघर, सगळं तिने विचारून घेतलं. पलीकडच्या मुलीने मध्येच विचारलं, खुर्ची वापरणाऱ्या बाईंशीच बोलता येईल का? अनुयाने फोन सासूबाईंपुढे सरकवला. बाईंची नोकरी शाळेत झालेली. इंग्रजीला त्या भीत नव्हत्या.

“एनिथिंग एल्स, मॅडम?” मुलीने विचारलं.

‘नो, नो’ अगदी ओठांवर आलं होतं. बाईंनी ते गिळलं.

“यस,” त्या म्हणाल्या. “व्हीलचेअर अलाउड इन कॅसिनो?”

“ऑफ कोर्स, मॅडम. बट नो चिल्ड्रन.”

बाईंनी टेबलाभोवतीच्या चेहऱ्यांवरून नजर फिरवली आणि मुकुलपाशी थांबवली.

“तू जाईला घेऊन होडीत बस,” त्या म्हणाल्या. “मी आणि अनुया आत जाऊन येतो.”