भोपळ्याच्या सुपाचा डाग

लाँड्रीतला वजनकाटा कपड्यांच्या गाठोड्यांसाठी आहे, बायकांसाठी नाही, असं मालकीणबाई मला रोज सुनावायच्या आणि मी रोज त्यावर चढायचे. त्या दिवशीही चढले. काटा गेल्या आठवड्यात होता तिथेच ठाण मांडून. लाथ घालावीशी वाटली, पण काट्याचा काय दोष?

दोष माझा, असंच सगळे धरून चालले होते. दादाचं यकृत कामातून गेलं होतं. डोळे पिवळे, पायांवर सूज, पोट फुगलेलं. मी सख्खी बहीण, रक्तगट जुळणारी. माझ्या यकृताचा तुकडा त्याला बसवायचा असं ठरलं. मग तपासणीत डॉक्टरीणबाई म्हणाल्या, तुमच्या यकृतावर चरबी आहे, असलं यकृत घेता येत नाही. वजन उतरवा, चरबी उतरेल, महिनाअखेर पुन्हा तपासू. तेव्हाही नाही उतरली तर पुढे काय, हे त्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. दुसरं कोणी देणारं नव्हतं.

दादा कारखान्याच्या कँटीनचा मुख्य आचारी. आजारपणामुळे घरी बसला होता, तरी माझ्या जेवणाचं त्याने स्वतःहून अंगावर घेतलं. "तुझ्या हातचं खाऊन माणूस बारीक होईल खरा, पण वैतागाने," म्हणाला. आमची दारं समोरासमोर. वहिनी सकाळीच पोस्टात कामावर जायची, हा स्टुलावर बसून माझ्यासाठी भाज्या वाफवायचा, भोपळ्याचं सूप करायचा आणि माझा डबा भरायचा. तेलाचा थेंब नाही म्हणायचा. आणि चव अशी की मी डबा चाटून पुसून खायचे. मेल्याच्या हाताला चव होतीच.

एवढं करून वजन हलेना. मी जिने चढले, उतरले, पुन्हा चढले. सकाळी लिंबू पिळलेलं गरम पाणी प्यायले. शेजारच्या इस्त्रीवाल्या बाईने वजन उतरवायची कसलीशी पावडर दिली, ती घेऊन दिवसभर पोट धरून बसले. चहातली साखर सोडली, मग चहाच सोडला, आणि मालकीणबाईंवर इतकी खेकसले की त्या वजनकाट्याबद्दल बोलायच्या बंद झाल्या. पाणी प्यायलं तरी माझ्या अंगाला लागतं, असं मी सगळ्यांना सांगत सुटले होते. कोणाचा विश्वास बसत नव्हता, आणि खरं तर माझाही नव्हता.

वहिनीने शेवटी जिन्यात गाठलंच. "खरं सांग, बाहेर काही खातेस का तू?"

"नाही गं."

"मी कोणाला सांगणार नाही. पण त्याच्याकडे बघ जरा. पँटला बटण लागत नाही त्याच्या."

एरवी कोणाचं ऐकून घेणाऱ्यातली मी नाही. पण वहिनी रडत होती, आणि काटा तिच्या बाजूने साक्ष देत होता.

दुसऱ्या दिवशी लाँड्रीत हॉटेलची टेबलावरची कापडं आली होती. पांढरीशुभ्र, धुऊन वाळलेली, फक्त इस्त्री बाकी. मी घाईत तिथेच डबा उघडला आणि चमचाभर सूप नेमकं कापडावर सांडलं. मालकीणबाई बघायच्या आत ओल्या फडक्याने पुसलं. भोपळ्याचा पिवळा रंग निघून गेला. वरून गरम इस्त्री फिरवली, आणि इस्त्रीखालून रुपयाएवढा काळपट, पारदर्शक डाग वर आला.

असे डाग मी उभ्या जन्मात हजारदा पाहिलेत. रंग पाण्याने निघतो, तेल-तूप निघत नाही.

तरी वाटलं, कापडावरच आधीचं काही असेल. कोरं फडकं घेतलं, त्यावर सूप टाकलं, नळाखाली धरलं, पिळलं, इस्त्री केली. पुन्हा तोच डाग. वर तवंग दिसत नव्हता, कारण घोटून घोटून एकजीव केलं होतं. असं करणं एखाद्या कसलेल्या आचाऱ्यालाच जमतं. मालकीणबाईंना डोकं दुखतंय म्हणून सांगितलं आणि फडकं मुठीत धरून घरी निघाले.

दादा स्वयंपाकघरात स्टुलावर बसला होता. मिक्सर चालू होता. मला बघून त्याने ओट्यावर काहीतरी नॅपकिनने झाकलं.

"लवकर आलीस गं?"

"नॅपकिन उचल."

त्याने उचलला नाही. मीच उचलला. खाली लोण्याचा पुडा होता, अर्ध्याहून जास्त संपलेला.

"कधीपासून?"

"पहिल्यापासून," तो म्हणाला. मिक्सर बंद करायचं त्याला सुचलं नाही, तो मी बंद केला.

"जिने चढून माझे गुडघे गेले, दादा."

"ते बघवत नव्हतं. म्हणून मग लोणी जरा वाढवलं."

तळपायाची आग मस्तकात गेली. हातातलं फडकं मी त्याच्या अंगावर फेकलं. त्याने ते उचलून मांडीवर पसरलं, डागावरून अंगठा फिरवला आणि खाली बघतच बोलायला लागला.

"आईला मीच नेलं होतं दवाखान्यात. साधं ऑपरेशन, म्हणाले. ती घाबरत होती, तर मी हसलो तिला. परत आली का ती? तुला मी भरवून भरवून मोठं केलंय, ढब्बू. आता माझ्यासाठी तुझ्या पोटावर सुरी चालवू देऊ? सरळ नाही म्हटलं असतं तर तुम्ही दोघींनी ऐकलं असतं?"

मला त्याची दया आली आणि त्याचा गळा धरावासाही वाटला. मी त्याच्यासमोर फरशीवर बसले.

"म्हणजे तू गेला असतास," मी म्हटलं, "आणि बहिणीला तोंड आवरलं नाही म्हणून भाऊ गेला, असं वहिनी जन्मभर म्हणाली असती. मीसुद्धा तेच म्हणत बसले असते. रोज, प्रत्येक घासाला. हे माझ्यासाठी करून ठेवणार होतास तू?"

दादाने वर पाहिलं. हे त्याच्या डोक्यात आलंच नव्हतं, ते त्याच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

"मी माझं उकडून खाईनही. पण तुझाच होकार नसेल तर बारीक होऊन मी करू काय? वहिनीला मी काही सांगत नाही. उद्या डबा दे. तुला काय हवंय ते मला त्यावरून कळेल."

रात्रभर समोरचं दार वाजेल म्हणून मी कान लावून होते. वाजलं नाही. सकाळी डबा नेहमीसारखा माझ्या दाराच्या कडीला लटकत होता आणि त्यांचं दार बंद होतं.

लाँड्रीत गेल्यावर वजनकाट्याकडे मी पाहिलंही नाही. कोरं फडकं काढलं, डबा उघडला, चमचाभर सूप त्यावर ओतलं. नळाखाली धरलं, पिळलं, आणि इस्त्री तापेपर्यंत जीव नुसता टांगणीला लागला. एकदा फिरवली. उलटं करून पुन्हा फिरवली. मालकीणबाई माझ्या पाठीशी येऊन उभ्या राहिल्या.

फडकं खिडकीशी नेऊन उजेडात धरलं. कुठेही काही नव्हतं, पांढरंच्या पांढरं. माझ्या दादाला जगायचं होतं. मी तिथेच टेबलाशी बसले आणि रडत रडत सूप प्यायले. पातळ होतं, आणि मिरी जरा जास्तच पडली होती.