कलम नऊ, एक चपाती आणि मी

मित्रांनो, मी एक जुनी घंटा आहे. पण मला देवळातली किंवा शाळेतली समजू नका हं. मी वाजले की देशाचे कायदे व्हायचे! लंडनच्या पार्लमेंटपासून सहा मिनिटांवर एक रेस्टॉरंट आहे, त्याच्या भिंतीवर मी राहते. तिकडे मतदान पुकारलं की कोणीतरी बटण दाबायचं, तारेतून मला गुदगुल्या व्हायच्या आणि मी ठणाणा करायची. इथे जेवत बसलेल्या खासदारांनी मग आठ मिनिटांत आत पोचायचं. नवव्या मिनिटाला दारं बंद. सत्तर वर्षांत माझी एकही हाक वाया गेलेली नाही.

म्हणजे, नंदाताईंच्या पहिल्या दिवसाचं आणि एका चपातीचं सोडून.

माझा जन्म बर्मिंगहॅमचा. अंग पितळेचं, हातोडी लोखंडाची. तेव्हा इथे पब होता. मी वाजले की मोठे मोठे साहेब बिअरचे ग्लास तसेच टाकून पळायचे, आणि त्यांचे उरलेले ग्लास कोपऱ्यातले म्हातारे गुपचूप संपवायचे. मग पब बंद पडला. तीन वर्षं माझ्यावर धूळ होती आणि पोटात एक कोळी. पुढे नंदाताई आणि पद्माकरकाकांनी जागा घेतली. आधी लेस्टरला बेलग्रेव्ह रोडवर त्यांचा डब्यांचा धंदा होता. नंदाताईंनी कोळ्याला बाहेर काढलं आणि मला हळदकुंकू लावलं. मी कशासाठी आहे हे मात्र त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं. पहिल्याच दुपारी मी वाजले तशा त्या ओरडल्या, "आग! आग लागली! सगळे बाहेर व्हा!" चाळीस माणसं भुरभुर पावसात फुटपाथवर उभी राहिली. त्यात दोन खासदार होते. फायरवाले येऊन सगळं ठीक आहे म्हणेपर्यंत ते शिस्तीत रांगेत उभे होते, आणि त्यांचं मतदान गेलं.

तो एक दिवस सोडला तर मला इथे फार मान मिळाला. खोटं वाटेल तुम्हाला, पण किचनमध्ये पद्माकरकाका दर दोन वाक्यांनी माझं नाव घ्यायचे.

"अहो, कौन्सिलचे लोक उद्या कचरा न्यायला येतो म्हणालेत."

"घंटा येणार!"

"यंदा फ्रीजर नीट करून देणार म्हणे."

"घंटा देणार!"

प्रत्येक अडलेल्या कामात त्यांना मीच आठवायची. एवढा विश्वास मला पबमध्येसुद्धा कोणी दाखवला नव्हता.

आता अक्षराबद्दल सांगते, कारण ही गोष्ट तिची आहे. अक्षरा नंदाताईंची भाची. जन्म लेस्टरचा, वय एकतीस, आमच्याकडे टेबलं सांभाळते. तिच्या मराठीत सगळ्या वस्तू आपापलं लिंग विसरतात. मला ती "हा घंटा" म्हणते. मी रागावत नाही, कारण दर सोमवारी तीच मला पुसते. तिला मिडवाइफ व्हायचं होतं. बाळंतपणं करायची होती. मागच्या वसंतात ती पत्र नाचवत आली.

"मावशी, माझा लेटर आली! नॉटिंगहॅमने मला घेतला!"

नंदाताईंनी आधी तिला कवटाळलं. मग विचारलं, "पण दिवसभर वॉर्डात ड्यूटी, तर काम कधी करशील? आणि राहशील कशावर?"

"गव्हर्नमेंटची हेल्प आहे ना, मावशी. पंचविशीनंतर शिकणाऱ्यांना राहण्याखाण्यासाठी देतात."

"घंटा देतात," पद्माकरकाका म्हणाले.

मला वाटलं, ते मला कामाला लावतायत. आणि झालंही तसंच. विद्यार्थ्यांच्या मदतीचा जुना कायदा संपत आला होता, नवा करायचा होता, आणि नव्या कायद्यातून नेमकी हीच मदत सरकार काढणार होतं. ती परत घालायची म्हणजे 'कलम नऊ' आत घ्यायचं, आणि त्यासाठी मतदान. म्हणजे मी!

आमच्या टीव्हीवर मी ती चर्चा रोज ऐकायची. दोन्ही बाजू तासन्‌तास एकच सांगत होत्या की शिक्षण फार महत्त्वाचं आहे. एक बाई म्हणाल्या, मोठ्या वयात शिकणारे लोक देशाचं वैभव आहेत, म्हणूनच त्यांनी मदतीवाचून शिकावं. एक गृहस्थ कलम नऊच्या बाजूने चाळीस मिनिटं बोलले. नंतर कळलं, ते कलम सातबद्दल बोलत होते.

आमचे पेनफोल्ड साहेब मात्र तसे नव्हते. लेस्टरकडचे खासदार, अक्षराच्या आईच्या भागातले. गोल चेहरा, चांगलं मन, आणि मिसळीसाठी कधीही हजर. अक्षराने त्यांना सगळं सांगितलं तेव्हा त्यांचे डोळे भरून आले. मिसळ तिखट होती हे खरं, पण नुसती मिसळच नव्हती. ते म्हणाले, "मी माझ्या पार्टीच्या विरोधात जाईन. आय प्रॉमिस."

मत द्यायला तिथे दोन वाटा असतात. होकाराच्या वाटेला 'आय' म्हणतात, नकाराच्या वाटेला 'नो'. साहेब विसरभोळे. म्हणून काकांनी त्यांना युक्ती शिकवली. "साहेब, गावाकडे आमच्यात आईला आय म्हणतात. अक्षरा आयांसाठीच शिकतेय. तेव्हा लक्षात ठेवा, आय!"

"आय," साहेब म्हणाले.

"दरवाजा कुठला?"

"आय!"

"शाब्बास!"

मतदान बुधवारी संध्याकाळी साडेसहाला होणार होतं. त्या दुपारी आमच्याकडे बेसिंगस्टोकच्या एका जोडप्याच्या मुलीचं बारसं होतं. टीव्हीवर कायद्याच्या जागी बाळाचे फोटो फिरत होते. बाळ मात्र रडून रडून लाल झालं होतं. अक्षराने त्याला खांद्यावर घेऊन पाऊण तास येरझाऱ्या घातल्या, तेव्हा कुठे ते झोपलं. पाळण्यात ठेवताना तिची नजर माझ्याकडे गेली.

"हा घंटा वाजला तर?"

"आत्ता कुठे? साडेसहाला," नंदाताई म्हणाल्या. "पण असू दे. पाच मिनिटं काहीतरी लाव मधे."

अक्षराने टेबलावरची एक चपाती उचलली, तिची चौघडी केली आणि माझ्या अंगाच्या आणि हातोडीच्या मधे खोचली. गरम होती. थोडं तूपही होतं.

साहेब तेव्हा कोपऱ्यातल्या टेबलावरच होते. त्यांचा फोन दहा मिनिटांपूर्वी मिसळीच्या रश्शात पडला होता. काकांनी तो काढून, पुसून, तांदळाच्या डब्यात सुकायला पुरला होता.

आणि तिकडे चर्चा अचानक आटोपली. सहा वक्ते बोलायचे होते, त्यातले पाच चहाला गेले ते परत आलेच नाहीत. पावणेचारला बटण दाबलं गेलं.

मी जिवाच्या आकांताने हातोडी मारली, मित्रांनो. चपातीतून आवाज निघाला तो असा, "कुर्रर्रर्र!"

त्याच क्षणी आत्या पाळण्यावर वाकून बाळाच्या कानात नाव सांगत होती. सगळ्या बायका खूश. "अगंबाई, काय छान कुर्र केलं!" त्यांनी आत्याच्या पाठीत धपाधप बुक्के घातले. मी आणखी थरथरले. "कुर्रर्रर्र!" आणखी बुक्के. साहेबांनी टाळ्या वाजवल्या. बाळाचं नाव अन्वी ठेवलं. ते शेवटपर्यंत जागं झालं नाही.

मतं सारखी पडली. दोनशे एकाहत्तर, दोनशे एकाहत्तर. सारखी पडली की अध्यक्षांनी कायदा आहे तसा ठेवायचा, असा रिवाज आहे. कलम नऊ पडलं. हे आम्हाला पाचला कळलं, फोन तांदळातून जिवंत होऊन बाहेर आला तेव्हा. त्यावर बावीस मिस्ड कॉल होते आणि एक तांदूळ.

अक्षराने स्टुलावर चढून माझ्यातली चपाती काढली. ती वाळून कडक झाली होती. तिने ती फेकली नाही, हातात धरून बसली.

"मीच घातला," ती म्हणाली. "मावशी, माझ्याच हाताने घातला."

नंदाताई म्हणाल्या, "मी सांगितलं म्हणून घातलीस ना."

पण सगळं संपलं नव्हतं. वरच्या सभागृहातल्या म्हाताऱ्या लोकांनी कलम नऊ परत आत घातलं आणि कायदा पुन्हा खाली पाठवला. दोन आठवड्यांनी पुन्हा मतदान. नॉटिंगहॅमला उत्तर द्यायची मुदत त्याच शुक्रवारी संपत होती.

या वेळी आम्ही तयार होतो. सगळी बुकिंग्ज रद्द. टीव्ही पार्लमेंटवर. माझ्यापासून सहा फुटांत चपाती, फुलका, पुरी, काहीही आणायला बंदी. अक्षराने मला चिंचेने घासून लखलखीत केलं. साहेबांना काकांनी मिसळ द्यायचं नाकारलं, नुसता दहीभात दिला, आणि घासाघासाला विचारलं, "दरवाजा?"

"आय!"

"झोपेत उठवलं तर?"

"आय!"

चार वाजून वीस मिनिटांनी बटण दाबलं गेलं आणि मी वाजले. अशी मी आयुष्यात वाजले नव्हते! काचा हादरल्या. साहेब दहीभात टाकून, गळ्यातल्या नॅपकिनसकट धावत सुटले. दारातून अक्षरा ओरडली, "सर, आय! आय!" रस्त्यापलीकडून त्यांनी हात वर केला. चौथ्या मिनिटाला ते टीव्हीवर दिसलेसुद्धा, नॅपकिन फडकवत पायऱ्या चढताना. किचनमध्ये टाळ्या पडल्या. मला वाटलं, माझ्या जन्माचं सार्थक झालं.

मग टीव्हीच्या तळाला प्रश्न आला. अक्षराने तो एकदा वाचला. पुन्हा वाचला.

"काका, हा उलटं आहे."

"काय उलटं?"

"लास्ट टाइम विचारलं होतं, कलम नऊ घालायचं का? आत्ता विचारतायत, वरच्या हाऊसने घातलेलं कलम काढून टाकायचं का? आपल्याला हवं असेल तर 'नो' म्हणायचं."

तव्यावर काहीतरी करपत होतं.

"साहेबांना माहीत असेल की," काका हळूच म्हणाले. "एवढे खासदार आहेत ते."

"घंटा माहीत असेल," नंदाताई म्हणाल्या.

नंदाताईंनी माझं नाव असं कधीच घेतलं नव्हतं. त्यांचा चेहरा बघितला, मित्रांनो, आणि इतक्या वर्षांनी मला त्या शब्दाचा अर्थ कळला. कौन्सिल, कचरा, फ्रीजर, सगळं एकदम कळलं. मी अजून वाजतच होते. आठ मिनिटं पुरी होईपर्यंत मला थांबता येत नाही.

आय दोनशे अडुसष्ट. नो दोनशे सदुसष्ट.

साहेब घामाघूम होऊन परत आले. "पोचलो! दोन मिनिटं हातात ठेवून! आय, तुम्ही सांगितलंत तसं!" त्यांनी काकांना मिठी मारली. त्यांना कोणी काही सांगितलं नाही. अक्षराने त्यांच्यापुढे चहा ठेवला आणि विचारलं, "साखर एक की दोन, सर?" दुसऱ्या दिवशी त्यांनी पेपर वाचला. मग फुलं आली आणि एक कार्ड. कार्डावर 'अभिनंदन' छापलेलं होतं, ते खोडून 'सॉरी' लिहिलं होतं.

शुक्रवारी अक्षराने नॉटिंगहॅमला नकार कळवला. नंतर ती फडकं घेऊन स्टुलावर चढली आणि मला पुसायला लागली. माझ्या पितळेत तिला तिचा चेहरा दिसत होता. तिथे सगळ्यांचेच चेहरे वाकडे दिसतात.

मित्रांनो, मला फक्त वाजता येतं. प्रश्न काय आहे ते मला सांगता येत नाही. कलम घालायला बोलावलं तरी ठणठण, काढायला बोलावलं तरी तीच ठणठण. तेव्हा एवढं करा. तुमच्याकडे एखादी जुनी घंटा असेल तर तिच्यात चपाती कोंबू नका. ती पुसा, तिची तार बघा. आणि ती वाजली की पळा जरूर, पण पळता पळता कोणाला तरी विचारून घ्या, की आज विचारलंय काय? तुम्ही कुठल्या दारातून आत गेलात, त्यावर बाहेर राहिलेल्या कोणाचं तरी आयुष्य अडलेलं असतं.

पुढे पार्लमेंटची तार कुरतडली गेली. उंदीर असावा. नीट करायला माणूस पाठवतो म्हणाले होते. काका काय म्हणाले ते तुम्ही ओळखलंच असेल. तेव्हा नंदाताईंनी माझी तार किचनला जोडून घेतली. आता ऑर्डर तयार झाली की मी वाजते.

परवा दुपारी मी वाजले. पेनफोल्ड साहेब मिसळ टाकून, नॅपकिनसकट पार्लमेंटकडे धावत गेले. सहा नंबरच्या टेबलाचं थालीपीठ तयार झालं होतं. ते अक्षराने नेलं.