दीड मिनिटाची दिव्यदृष्टी

ओकुनागांच्या माडीवर त्या संध्याकाळी एकोणतीस माणसं दाटीवाटीनं बसली होती, आणि त्यांतल्या सगळ्यात तरुण माणसाचं वय साठ होतं. ज्यांचे गुडघे गेले होते ते खुर्चीवर, ज्यांचे जायचे होते ते चटईवर, आणि लवकर येऊन जागा पटकावणारे बैठ्या मेजाखालच्या शेगडीशी, रजईत पाय घालून. समोर लॅपटॉप. त्याच्या कडेला बोटाच्या पेराएवढी एक काडी खुपसलेली आणि काडीतून निघालेली तार खिडकीबाहेरच्या अँटेनापर्यंत गेलेली. पडद्यावर जानेवारीची सुमो स्पर्धा चालू होती. दोन अगडबंब मल्ल रिंगणात मुठी भरभरून मीठ उधळत होते. अजून त्यांनी एकमेकांना बोटही लावलं नव्हतं.

"शिओमिने पडणार," सेन्गान-सामा डोळे मिटून म्हणाले. "डावा पाय घसरेल. हात मातीला टेकेल."

माडीनं श्वास रोखला. मल्लांनी पुन्हा मीठ उधळलं, मांड्यांवर थापा मारल्या, एकमेकांकडे डोळे वटारले आणि एकदाचे भिडले. शिओमिनेचा डावा पाय घसरला. हात मातीला टेकला.

"अगं बाई गं!" ओकुनागाबाईंनी सोलत असलेलं संत्रं खाली टाकलं.

"सहावी कुस्ती आजची," म्हातारा जिन्पाची बोटं मोडत म्हणाला. "सहाच्या सहा बरोबर! डाव कुठला, तेसुद्धा!"

हे सेन्गान-सामा डिसेंबरात एका पांढऱ्या गाडीतून कामिनासे गावात आले होते. आले तेव्हा ते सामा-बिमा, म्हणजे महाराज-बिमा, कोणी नव्हते, टीव्हीच्या काड्या विकणारे होते. पडद्याच्या कोपऱ्यात तेव्हा रोज सूचना यायची, की पुढच्या वर्षी जुलैत जुनं प्रसारण बंद, डिजिटल घ्या. म्हाताऱ्यांना वाटायचं, आपल्यालाच कोणी नोटीस देतंय. डोंगराच्या आड दडलेल्या त्या खोऱ्यात डिजिटल लहरी येत फक्त उंचावरच्या ओकुनागांच्या माडीवर. तिथं गाव जमलं आणि विक्रेत्याला आपल्या खऱ्या धंद्याचा शोध लागला.

"अ‍ॅनालॉग म्हणजे देह," तो समजावत असे, "आणि डिजिटल म्हणजे आत्मा. देह थकतो, देह बंद पडतो. आत्म्याला काळ नाही. ही काडी लहर पकडते, आणि लहरीच्या आधीची लहर मी पकडतो. फक्त शांतता हवी. मोबाईल बंद, रेडिओ बंद, खिडक्यांच्या फळ्या बंद."

फळ्या बंद होत. कुस्त्या संपल्या की सामा एकेकाला जवळ बोलावत आणि त्याच्या पोटात, छातीत, गुडघ्यात बघत. मग कागदाच्या पुडीतलं मीठ देत. 'रिंगणातलं मीठ' म्हणे. मल्लांनी उधळलेलं, राजधानीहून आलेलं. दुखऱ्या जागी चोळायचं आणि डॉक्टरचं नाव काढायचं नाही.

माडीच्या दाराशी उभे राहून हे सगळं बघणारे काजितानी मास्तर चाळीस वर्षं गावच्या शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झाले होते. गाव त्यांना मान देत असे आणि जेवायला बोलावत नसे. समोरच्याचा मूर्खपणा दिसला की तो त्याला दाखवल्याशिवाय त्यांना घास गिळत नसे. आजही ते तमाशा बघायला आले नव्हते, बहिणीला घरी न्यायला आले होते.

बहीण तोकिए, सहासष्ट वर्षांची, विधवा, शेजारच्याच घरात राहणारी. तिच्या पोटातली मुख्य धमनी फुग्यासारखी फुगली होती. तपासणीत दिसलं तेव्हा शहरातल्या डॉक्टरांनी चित्र काढून सांगितलं होतं: फुटली तर वेळ मिळणार नाही. पुढच्या गुरुवारी दाखल व्हायचं, शुक्रवारी शस्त्रक्रिया. तिनं पिशवीही भरून ठेवली होती. आता ती सामांच्या पुढ्यात बसली होती आणि सामा तिच्या पोटापासून वीतभर अंतरावर तळहात धरून होते.

"आक्रसतेय," ते म्हणाले. "गाठ आक्रसतेय. पण सुरीचं पोलाद लागलं तर... मला पुढचं दिसतं, बाई. सांगवत नाही."

घरी जाताना मास्तर भडकले. "लाज वाटत नाही? माझी बहीण आणि काडीवाल्याकडे पोट दाखवते?"

"दादा, त्यानं सहाच्या सहा सांगितल्या."

"कावळा बसायला आणि फांदी तुटायला!"

"सहा कावळे? सहा फांद्या?" तोकिए म्हणाली. "तू सांग ना मग कसं करतो ते. सांग, मी लगेच पिशवी उचलते."

मास्तरांना सांगता येईना. याचाच त्यांना जास्त राग आला.

कारण कोडं खरंच अवघड होतं. थेट प्रक्षेपण, मल्ल राजधानीत, हा इथं. ज्या देशात गाडीला एक मिनिट उशीर झाला की स्टेशनमास्तर कर्ण्यावरून माफी मागतो, तिथं टीव्हीच उशिरा चालला असेल ही शंका कुणाच्या बापाच्या मनात येणार? आणि तोही नवा, डिजिटल टीव्ही! जुना उशीर करेल एकवेळ.

तोकिएनं दाखल व्हायच्या आदल्या दिवशी, बुधवारी, मास्तर पुन्हा माडीवर गेले. कोंदट हवेनं त्यांचा जीव घुसमटला म्हणून ते बाहेरच्या सज्जात येऊन उभे राहिले, आणि गावच्या खांबावरच्या कर्ण्यातून पाचची धून वाजली. मुलांनो, घरी जा, असं सांगणारी ती धून. गावात आता मुलं उरली नव्हती, तरी पालिका ती नेमानं वाजवत असे. मास्तरांनी सवयीनं मनगटावरचं घड्याळ जुळवलं आणि आत आले. आत कुस्ती चालू होती.

ते जागच्या जागी थांबले. पाचच्या ठोक्याला कुस्त्या थांबवून दोन मिनिटं बातम्या देतात, हे त्यांना पाठ होतं. बातम्या लागल्या नव्हत्या. त्यांनी सेकंदकाट्यावर नजर ठेवली. बरोबर नव्वद सेकंदांनी बातमीदार अवतरला आणि वाकून म्हणाला, "पाच वाजले आहेत."

मग सगळं एका दमात उलगडलं. हा लॅपटॉप टीव्ही दाखवत नव्हता, आधी साठवत होता आणि साठवलेलं दीड मिनिट मागून दाखवत होता. फळ्या पाचची धून आत येऊ नये म्हणून बंद होत्या. रेडिओ बंद होते ते दुसऱ्या कुणी ऐकू नये म्हणून. आणि सामांच्या उजव्या कानातलं ते श्रवणयंत्र म्हणजे छोटा रेडिओच! निम्म्या गावाच्या कानांत तसलंच यंत्र होतं. बहिऱ्यांच्या मेळ्यात आणखी एक बहिरा कोण मोजतो?

मास्तरांना इतका आनंद झाला की हसू दाबायला त्यांनी खोकल्याचं सोंग केलं. तोकिए तिसऱ्या रांगेत बसली होती. तिच्या खांद्यावर हात ठेवून तिला सज्जात बोलवायला चार पावलंसुद्धा लागली नसती.

ती चार पावलं त्यांनी टाकली नाहीत. आज फोडलं तर पंधरा-वीस माणसं ऐकतील. रविवारी स्पर्धेचा शेवटचा दिवस, विजेतेपदाची कुस्ती, सगळं खोरं जमणार. शिवाय प्रयोग एकदा करून भागत नाही, तीनदा पडताळायला हवा, असं त्यांनी स्वतःला बजावलं. चाळीस वर्षं पोरांना हेच तर शिकवलं होतं. आणि ऑपरेशनची तारीख काय, पुढच्या आठवड्यातली मिळेल.

गुरुवारी सकाळी शहराला जाणारी नऊ चाळीसची बस येऊन गेली. तोकिए अंगणातला बर्फ फावड्यानं बाजूला करत होती. मास्तरांनी खिडकीतून पाहिलं आणि चहाचा घोट घेतला.

रविवारी माडीवर पंचावन्न माणसं होती. जिन्यावरसुद्धा चपला काढायला जागा नव्हती. पडद्यावर कुरोताके आणि शिओमिने मीठ उधळत होते. सामांनी डोळे मिटले.

"एक मिनिट," मास्तर उठले. त्यांनी खिडकीच्या फळ्या धाडकन उघडल्या. गार वारा आत आला. खिशातून हातात मावणारा रेडिओ काढून त्यांनी मेजावर, संत्र्यांच्या सालांमध्ये ठेवला आणि चालू केला.

समालोचक बेंबीच्या देठापासून ओरडत होता. कुरोताके जिंकला होता. कमरपट्टा धरून शिओमिनेला रिंगणाबाहेर फेकलं होतं, प्रेक्षक बसायच्या गाद्या उधळत होते.

पंचावन्न माना पडद्याकडे वळल्या. पडद्यावर दोघेही अजून मीठच उधळत होते.

समालोचकानं विजेत्याचं वजन सांगितलं, गाव सांगितलं, आईचं नाव सांगितलं. मग पडद्यावरचे मल्ल भिडले, कुरोताकेनं कमरपट्टा धरला, शिओमिनेला बाहेर फेकलं आणि गाद्या उडाल्या.

"शक्ती विस्कटली!" सामा ओरडले. "यंत्रामुळे लहर—"

"लहर इथं आहे," मास्तर म्हणाले आणि त्यांनी त्याच्या कानातलं यंत्र ओढून काढलं. ते ओकुनागाबाईंच्या कानाला लावलं. बाई दचकल्या. "अगं बाई, यातही तोच बोलतोय!"

मग मास्तरांनी लॅपटॉपची एक कळ दाबली. चित्र टुणकन दीड मिनिट पुढे गेलं आणि रेडिओच्या तोंडाशी जुळलं.

इथं थांबले असते तरी काम झालं होतं. पण मास्तर चार दिवस हसू गिळून बसले होते. "जिन्पाची, तुम्ही मूतखड्यावर मीठ चोळलंत ना? ओकुनागाबाई, तुम्ही मोतीबिंदूच्या पापणीवर? चव बघितली का कुणी? कोपऱ्यावरच्या दुकानातलं आहे, किलोच्या पिशवीतलं! आणि ही माझी सख्खी बहीण. हिनं दोन आठवडे पोटाला चोळलं. लोणच्याच्या मुळ्याला चोळतात ना, तस्सं!"

सगळे हसले. फसलेल्या माणसाला आपल्याहून जास्त फसलेला दिसला की किती हलकं वाटतं! जिन्पाची तर डोळे पुसून पुसून हसला. तोकिए मांडीवरच्या हातांकडे बघत राहिली. त्या गोंधळात सेन्गान लॅपटॉप काखेत मारून जिन्यानं उतरला, आणि खाली दुसऱ्याचे बूट घालून पळाला.

"मग उद्यापासून टीव्ही कुठं बघायचा?" ओकुनागाबाईंनी विचारलं.

परतताना बर्फ पडत होता. मास्तर अजून तरंगत होते. तोकिएनं विचारलं, "दादा, तुला कळलं कधी?"

"बुधवारी! पाचची धून वाजली, आणि बातम्या..." ते रंगवून सांगू लागले.

तोकिए थांबली. "गुरुवारी माझी बस होती."

"तुला एकटीला सांगितलं असतं तर पटलं असतं?"

"कुणास ठाऊक," ती म्हणाली. "तू सांगून तरी बघायचं होतंस. मी तुला म्हटलं होतं ना, सांग, लगेच पिशवी उचलते."

सोमवारी मास्तरांनी स्वतः दवाखान्यात फोन केला. पुढच्या शुक्रवारची तारीख मिळाली. बुधवारी पहाटे तोकिएच्या पोटात आणि पाठीत कळ आली. रुग्णवाहिका घाटातून वर यायला पन्नास मिनिटं लागली, आणि परतीच्या वाटेवर, निम्मा घाट उतरायच्या आतच तिनं प्राण सोडला.

अंत्ययात्रेला सगळं खोरं आलं. काळ्या कपड्यांतल्या रांगेत कुजबुज चालू होती आणि मास्तरांना ती ऐकू येत होती. "सामांनी सांगितलं होतं, गाठ आक्रसतेय म्हणून." "मीठ बंद केलं आणि आठवड्यात गेली बिचारी." "मास्तरांना देवाशी पंगा घ्यायची हौस." रविवारी सगळ्यात मोठ्यानं हसलेला जिन्पाची मान डोलवत होता. पालथ्या घड्यावर पाणी म्हणतात ते हेच, आणि ते ओतताना मास्तरांनी स्वतःच्या बहिणीला भिजवलं होतं.

रिवाजाप्रमाणे शेवटी घरच्या माणसानं दोन शब्द बोलायचे असतात. आलात, आभारी आहोत, यापुढेही लोभ असावा, एवढंच. मास्तर तिच्या फोटोशेजारी उभे राहिले.

"माझ्या बहिणीच्या पोटातली धमनी फुगली होती," ते म्हणाले. "ती फुटली. मीठ चोळलं म्हणून नाही आणि चोळायचं थांबवलं म्हणूनही नाही. धमनीला मीठ कळत नाही. त्या शुक्रवारी ऑपरेशन झालं असतं तर बहुतेक ती आज घरी असती. एका भामट्यानं तिला अडवलं. त्याचं ढोंग मला बुधवारी कळलं होतं. तुमच्यापुढे त्याची फजिती करायला मिळावी म्हणून मी रविवारपर्यंत गप्प बसलो."

मास्तरांनी रांगेवरून नजर फिरवली.

"पुन्हा कोणी येईल. कुस्ती सांगेल, नाही तर पाऊस सांगेल. तेव्हा खिडकी उघडा. घड्याळ बघा. दुसरा रेडिओ लावा. तो म्हणतो म्हणून मानू नका, आणि मी म्हणतो म्हणूनही मानू नका. स्वतः तपासा. आणि तपासून जे कळेल ते ज्याच्या जिवाशी गाठ आहे त्याला त्याच दिवशी, त्याच पावली जाऊन सांगा. गर्दी जमायची वाट बघू नका. मी बघितली."

मास्तर कमरेत वाकले आणि लोक निघून जाईपर्यंत वाकूनच उभे राहिले.