चुलाणाच्या भिंतीला ठेवलेल्या सहा बाटल्या

बूच ओढायची गरजच पडली नाही. ते आधीच अर्ध्यावर येऊन बसलं होतं. त्याच्या कडेनं चिकट तपकिरी ओघळ येऊन वाळला होता आणि त्यात दोन मुंग्या मरून पडल्या होत्या.

ही माझी वाइन. इटलीत अस्कोली गावाजवळच्या एका छोट्या वायनरीत मी दहा वर्षं राबलो. मोंतेपुल्चानो आणि सांजोवेसे अशा दोन जातींची काळी द्राक्षं, त्यांची मिसळ करून तिथं ‘रोस्सो पिचेनो’ नावाची लाल वाइन करतात. इटलीबाहेर तिला फारसं कुणी विचारत नाही. चौथ्या वर्षी मालकानं एक पिंप माझ्या हवाली केलं. म्हणाला, यातली मिसळ तू ठरव. त्यातल्याच सहा बाटल्या घेऊन मी २०१९ साली सुट्टीवर कोल्हापूरला आलो होतो. कोवळेपणी ही वाइन तुरट असते. पाच-सहा वर्षं थंड अंधारात पडून राहिली की जिभेवर मऊ उतरते.

आमचं घर जैनांचं. तिथं कालचं दहीसुद्धा आज चालत नाही, दारूचं नाव कुठं काढता! पण माझे वडील बापूसो, म्हणजे आण्णा, शब्दाचे पक्के.

“सा वर्सांनी चांगली होती म्हणतोस न्हवं? मग सा वर्सांनी बघू,” ते म्हणाले होते. “चांगली निघाली तर माळावरची तीन एकर तुझ्या द्राक्षाला. न्हाय निघाली तर गप राजारामपुरीतल्या आपल्या खताच्या दुकानात बसायचं.”

बाटल्या घरात येणं शक्यच नव्हतं. त्या गेल्या कसबा बावड्याच्या पुढं, आमच्या गुऱ्हाळावर, गूळ शिजवणाऱ्या ज्ञानू गुळव्याच्या ताब्यात. मी त्याला दहादा बजावलं होतं, थंड जागा, अंधार, बाटली आडवी. आणि मी परत इटलीला गेलो, तो गेल्या आठवड्यात कायमचा परतलो.

ज्ञानूनं अंधार दिला. बाटल्या आडव्या ठेवल्या. वर मायेनं गवतही अंथरलं. थंडीचं तेवढं त्याला पटलं नाही.

“आढी घालायची तर ऊब नको व्हय, धाकलं मालक?” तो मलाच समजावत होता. “आंबा कुटं गारठ्यात पिकतोय? म्हनून चुलाणाच्या भितीला लावून ठेवल्या. सा हंगाम. रोज हात लावून बघायचो, कोमट हाईत का न्हाई.”

रोज! जिथं उसाचा रस उकळतो त्या भट्टीच्या भिंतीला! मी त्याच्यावर धावून गेलो नाही, एवढंच त्या दिवशी माझ्या हातून चांगलं झालं.

आण्णा दारूला शिवणार नाहीत, म्हणून चव घ्यायला गुऱ्हाळावर हंबीरराव आले होते. शेजारच्या मळ्याचे मालक, आण्णांचे चाळीस वर्षांचे दोस्त आणि पिण्यातले जाणकार, म्हणजे भरपूर पिणारे. त्यांनी तोंडातला गुटखा उसाच्या चिपाडांवर थुंकला, बाहीनं ओठ पुसले आणि स्टीलचा पेला पुढं केला. चूळसुद्धा भरली नाही.

वाइन कसली, विटकरी गढूळ पाणी. वास नेलपॉलिशचा, त्याखाली करपलेल्या जॅमचा आणि त्याखाली व्हिनेगरचा. हंबीररावांनी एका घोटात पेला रिकामा केला, डोळे मिटले आणि मोठ्यानं ढेकर दिली.

“एक नंबर! घसा कसा चरचरला बघा की! जोर हाय मालात.” दुसरा पेला भरून त्यात त्यांनी कोल्ड्रिंक ओतलं, बोटानं ढवळलं आणि बोट चोखलं. त्या बोटाचं नख पिवळं होतं. “बापूसो, पोरगं जिंकलं तुमचं!”

“तुमचं झालं, हंबीरराव. आता करणारा काय म्हणतोय ते बघू,” आण्णा म्हणाले. “ऋषभ, तू सांग.”

मी दुसरी बाटली उघडली, मग तिसरी. तिन्ही तशाच सडलेल्या. अस्कोलीत असला थेंब तोंडात गेला असता तर मी भिंतीवर थुंकलो असतो. मी घोट घेतला. जीभ सोलून निघाल्यासारखी झाली. समोर माळ दिसत होता, पुराचं पाणी कधी न चढणारा, मुरमाड, द्राक्षाला हवा तसा. आणि मागं शहरात ते खताचं दुकान.

मी घोट गिळला.

“चांगली झालीय, आण्णा.”

बोललो आणि स्वतःचीच शिसारी आली. हंबीरराव निदान खरं बोलले होते, त्यांना ती घाण खरोखरच आवडली होती. ते उरलेल्या तीन बाटल्या बगलेत मारून गाणं म्हणत गेले.

आण्णा उठले. माझा पेला त्यांनी रुमालानं धरून उचलला, नाकाजवळ नेला आणि लांब नेऊन उकिरड्यावर पालथा केला. मग हात धुतले, दोनदा.

“पंचेचाळीस वर्सं गूळ करतोय. आपल्या घरात आंबलेलं काय चालत न्हाई, म्हणून नाक तयार हाय माझं,” ते माझ्याकडं न बघता म्हणाले. “बूच निघालं तवाच मला वास आलता. हंबीररावाला कळत न्हाई. तुला कळतंय की.”

मी उघड्या बाटल्यांना बुचं लावू लागलो.

“नासली म्हणाला असतास तर माळ तुलाच देणार हुतो. ज्ञानूची चूक तुझ्या माथी कशाला? आता बी देतो. चांगली निघाली म्हणालास, शब्द दिलाय मी. लाव द्राक्षं.” त्यांनी टोपी नीट केली. “पण तुझी दारू तयार झाली की चव मातर दुसऱ्या कुणाला तरी बघाय सांग.”